काका, तुमच्या त्या रात्रीच्या फोनसाठी

मे २०२३

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

इथे इंग्लंडमध्ये आमच्या बिल्डिंगला भाडेवाढीची पत्रं आली तेव्हा हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे घरांचा उरलेला हिस्सा जिच्या मालकीचा आहे त्या संस्थेच्या, फोनवर सगळ्यांना एकच उत्तर मिळत होतं, "लीजमध्ये आहे, भरावं लागेल." घर घेताना वकिलांनीही रेंट रिव्ह्यूचं, म्हणजे भाडं दरवर्षी कसं वाढणार याचं, पान कुणाला उघडून दाखवलं नव्हतं. पैसे मात्र दोघांनी चोख घेतले. तुम्ही एक पेनीही न घेता दाराशी आलात.

लीज वाचायला बसण्याआधी तुम्ही घराघरांत फोन केलेत. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. विचारलंत एवढंच, "डायरेक्ट डेबिट, बँकेतून आपोआप जाणारं भाडं, बंद नाही ना केलं?" रागाच्या भरात काही घरं तेच करणार होती. आपण शेअर्ड ओनर, घराचा काही हिस्सा विकत घेऊन उरलेल्या हिश्श्याचं भाडं भरणारे, म्हणजे मालकच, असं सगळे धरून चालतात. कायद्याच्या लेखी मात्र आपण भाडेकरूच. २०२३ च्या नियमाप्रमाणे ताब्याच्या नोटिशीच्या दिवशी आणि सुनावणीच्या दिवशी दोन महिन्यांचं भाडं थकलेलं असेल, तर १९८८ च्या हाउसिंग ॲक्टमधल्या आठव्या कारणाखाली न्यायाधीशाला घराचा ताबा द्यावाच लागतो. अर्धा हिस्सा विकत घेतलेल्या एका बाईंचं घर असंच गेलं, आणि २००७ साली हायकोर्टाने हिश्श्यावरचा त्यांचा हक्कही मानला नाही. म्हणून भाडं भरत राहायचं आणि "आकडा मान्य नाही, हक्क राखून भरत आहोत" असं ईमेलने कळवायचं. ही एक ओळ तुम्ही प्रत्येकाकडून समोर बसून लिहून घेतलीत. काका, त्या फोनने घरं वाचली.

मग पेन्सिल काढलीत. तीन लाख पौंडांचं घर, ४० टक्के हिस्सा आपला, उरलेल्या ६० टक्क्यांवर पावणेतीन टक्के दराने भाडं, म्हणजे महिना ४१२.५० पौंड. लीज म्हणते दरवर्षीची वाढ आरपीआय, म्हणजे किरकोळ महागाईचा दर, अधिक अर्धा टक्का. सप्टेंबर २०२२ चा आरपीआय १२.६, म्हणून वाढ १३.१ टक्के आणि भाडं ४६६.५४. महिना कोणता धरायचा हे लीजमध्येच लिहिलेलं असतं, तो पत्रातल्या महिन्याशी जुळतो का हे आधी पाहायचं. डिसेंबरचा १३.४ धरला तर फरक महिन्याला तीन-साडेतीन पौंडांचाच दिसतो, पण पुढची प्रत्येक वाढ त्या चुकीवर चढते आणि भाडं खाली कधीच येत नाही. एका घराने मध्यंतरी स्टेअरकेसिंग करून, म्हणजे आणखी हिस्सा विकत घेऊन, आपला वाटा ५० टक्के केला होता. त्यांचं वाढीआधीचं भाडं ३४३.७५ हवं होतं, पत्रात मात्र जुनंच ४१२.५० धरलेलं. हे तुम्हाला दोन मिनिटांत दिसलं, त्यांच्या अख्ख्या ऑफिसला नाही.

सूत्र बरोबर असलं तरी विषय संपत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. २०२३-२४ या वर्षासाठी इंग्लंडमधल्या अनेक असोसिएशन्सनी शेअर्ड ओनर्सच्या भाडेवाढीवर स्वखुशीने सात टक्क्यांची मर्यादा मान्य केली. त्या हिशेबाने भाडं ४४१.३८ होतं, वर्षाला तीनशे पौंड कमी. आमची असोसिएशन त्यांत होती, तरी पत्रं १३.१ टक्क्यांचीच निघाली.

भाडं आणि सर्व्हिस चार्ज (बिल्डिंगच्या देखभालीचा खर्च) यांची तक्रार वेगवेगळी लिहायला लावलीत, तेही बरंच झालं. सर्व्हिस चार्ज वाजवी आहे का हे ट्रायब्युनल, म्हणजे असे वाद ऐकणारं न्यायाधिकरण, ठरवू शकतं. आपलं भाडं त्याच्या कक्षेत येत नाही. ऑम्बुड्समन, म्हणजे असोसिएशनविरुद्धच्या तक्रारी पाहणारा तक्रार-निवारक, तोही भाडं किती असावं हे सांगत नाही, असोसिएशनने तक्रार नीट हाताळली का एवढंच पाहतो. म्हणून भाड्याच्या तक्रारीत संताप कमी आणि आकडे जास्त. असोसिएशनला उत्तर द्यायला तक्रारीच्या पहिल्या पायरीला कामाचे दहा दिवस, दुसऱ्या पायरीला वीस, तारखा वहीत.

सुधारलेली पत्रं आता हातात आहेत. तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं, आणि आमचं भाडं वाढल्याने तुमचं काही बिघडणार नव्हतं. तरी परक्या देशात इतक्या घरांची काळजी तुम्ही आपली मानलीत. अशी सरळ माणसं अजून आहेत, याचाच मोठा आधार वाटतो.

तुमच्या पेन्सिलीच्या आकडेमोडीची झेरॉक्स प्रत्येक लीजला टाचली आहे. रविवारी सगळे मिळून तुमच्याकडे येतोय. काकूंना म्हणावं, स्वयंपाक करू नका, डबे आम्ही आणतो.

आपली,
बिल्डिंगमधली सगळी मराठी घरं