गावतलावाची पाळ गळ टाकणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातल्या तलावाकाठच्या एका गावात राहतो. माझी मागणी छोटी आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. गावतलावाच्या मासेमारीचा ठेका देताना करारनाम्यात एक ओळ घाला : गावातल्या कुणालाही पाळीवर बसून, एका गळाने, घरच्या भाजीपुरत्या मासोळ्या धरता येतील. पावसाळ्यात मासोळी अंड्यावर येते, ते महिने सोडून.

एवढ्याशा गोष्टीसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं वाटेल. त्याचं कारण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मांडीचं हाड मोडलं. दसरा, दिवाळी, गावची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्रीचं दंडार हे लोकनाट्य, सगळं खाटेवरून ऐकलं. भेटायला येणारे येत, चहा घेत आणि जात. पुन्हा तेच छप्पर आणि तीच भिंत. फाल्गुनात डॉक्टरांनी काठी घेऊन चालायची मुभा दिली आणि घरच्यांना न विचारता मी थेट तलाव गाठला.

फाल्गुनातला आमचा तलाव बघण्यासारखा असतो. लाखोळीचं पीक निघालेल्या बांध्या (धानाची शेतं) मोकळ्या पडलेल्या, पलीकडे पळस पेटलेला, पाणी पाळीपासून जरा मागे सरकलेलं. थंडीत मासोळी सुस्त असते, फारशी खात नाही. उन्हाने काठचं उथळ पाणी कोमट झालं की ती कडेला येऊ लागते. हातात बांबूची काडी, तिला तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, तंगुसाला मोरपिसाच्या देठाचा तुकडा आणि खाली गांडूळ लावलेला गळ. एवढं सामान पुरतं. तो पांढरा देठ पाण्यावर आधी बारीक बारीक थरथरतो. ती लहान मासोळ्यांची कुरतड, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मग तो आडवा होतो, हळूच एका बाजूला सरकतो. शेजारी आमच्या गावचे, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक म्हातारे काका बसले होते. माझा हात शिवशिवतोय हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, "घाई नोको करू बापू. गिळू दे त्याले." देठ गपकन खाली गेला तेव्हा मी काडी उचलली. वीतभर मरळ होती. सापासारखं डोकं, हातातून निसटणारं बुळबुळीत अंग. मरळ वरची हवा घेते, त्यामुळे ओल्या पोत्यात गुंडाळून घरी नेईपर्यंत जिवंत होती.

खाटेवर दुपार सरता सरत नव्हती. तिथे ऊन कधी डोक्यावर आलं ते कळलंच नाही. त्या रात्री गोळी न घेता झोप लागली. औषधाने पाय बरा झाला हे खरं, पण मी पुन्हा माणसांत आलो तो त्या पाळीवर. आणि तिथे मी एकटा नव्हतो. दहावीची परीक्षा संपवून आलेली पोरं होती, महिनोन्‌महिने पुस्तकात कोंडलेली. नातवाला गळ बांधायला शिकवणारी एक आजी होती. पोरं काडी धरून तासन्‌तास गप्प बसतात, हे त्यांच्या आईबापांना सांगूनही पटत नाही.

आता अडचण सांगतो. तलाव सरकारचा, मासे ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचे, त्यामुळे काडी घेऊन बसलेल्या पोराला चोर म्हणून हाकलतात. पण आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे मामा (माजी मालगुजारी) तलाव मुळात गावानेच बांधले. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी जागा हेरून पाळी घातल्या, शेताला पाणी दिलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पाण्यावरचे निस्ताराचे, म्हणजे घरगुती वापराचे हक्क तेव्हाही गावाकडे राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक हक्कांत मासोळीचंही नाव घेतलं. मग पाळीवर बसून गळ टाकायला आडकाठी का असावी?

संस्थेची बाजूही खरी आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून ढिवर बांधव दरवर्षी पैसे मोजून बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) आणून सोडतात. त्यांच्या पोटावर पाय येईल असं काही मी मागत नाही. जाळं नको, विक्री नको, लहान रोहू-कटला लागली तर परत पाण्यात. वर्षाला थोडी फी ठरवायची तर ती संस्थेलाच मिळावी. हौसेने गळ टाकणारा माणूस तलावावर रोज असेल, तर रात्री चोरून जाळं लावणाऱ्यावर त्याचीही नजर राहील.

आणखी एक. खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी काठ उभा कापून ठेवतो. मरळीला उथळ पाणी आणि गवताचा आडोसा लागतो. पिल्लं निघाली की नर-मादी त्यांच्याभोवती राखण करतात, तेही काठच्या वनस्पतींतच. आमच्याकडे ढिवर समाजाच्या बायांनी बचतगट करून काही तलावांतली बेशरम ही माजलेली झुडपं उपटली आणि चिखलात उतरून देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. गाळ जरूर काढा, पण निदान एक बाजू उतरती आणि हिरवी राहू द्या. सिमेंटची भिंत तर नकोच. तिच्यावर बसून गळ टाकता येत नाही आणि तिच्या पायथ्याशी मासोळीही फिरकत नाही.

२०२५ मध्ये आपल्या सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे नियम पुन्हा लिहिले जात असतील, तर ही ओळ त्यात बसवायला हीच वेळ बरी. मात्र मसुदा करण्याआधी तलावावरच्या मच्छीमार संस्थांच्या सभासदांना बोलवा, बायांनाही बोलवा. फी किती, महिने कोणते, काठ कोणता, हे त्यांनीच ठरवलेलं बरं. ते जे ठरवतील ते मला मंजूर असेल.

आपला,
झाडीपट्टीतला एक गावकरी