कवितेवरच्या पेपरात कविता कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत कॉलेजची पोरंपोरी पेनड्राइव्ह घेऊन, नाहीतर व्हॉट्सअॅपवर फाइल टाकून, 'काकू अर्जंट आहे, उद्या लास्ट डेट' म्हणत काउंटरला उभी असतात, टायपिंग, सेटिंग, प्रिंट, स्पायरल सगळं माझ्या हातनं जातं, त्यामुळं कोण काय लिहितंय ते आपोआप वाचलं जातं, आणि मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. केलंय म्हणून कवितेवरचे पेपर, म्हणजे हे प्रोजेक्टचे शोधनिबंध, तर मी मुद्दाम थांबून वाचते. त्या पेपरांबद्दलच लिहायचं होतं बरेच दिवस.

या पेपरांत कविता नसते. खरंच सांगते. पहिलं पान कॉलेजचं नाव, दुसरं प्रमाणपत्र, तिसरं ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, संशोधनाची उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा, संशोधन पद्धती, मग कवीचा जन्म कुठं झाला, शिक्षण कुठं झालं, पुरस्कार कुठले मिळाले, मग त्या काळातली सामाजिक परिस्थिती, आणि हे सगळं होईपर्यंत पंधरा पानं भरलेली असतात. मग कुठंतरी कवितेच्या दोन ओळी येतात, त्याच्याखाली 'या ओळींतून कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' असं एक वाक्य, आणि लगेच निष्कर्ष. गृहीतक काय असतं तर 'बालकवी हे निसर्गकवी आहेत', आणि शेवटी निष्कर्ष काय तर 'वरील गृहीतक सिद्ध झाले'. अहो जे शाळेच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे ते सिद्ध करायला पोरगी तीन महिने कशाला घालवेल?

मर्ढेकरांचंही तेच. मर्ढे म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातलं गाव, त्यामुळं इकडच्या पोरांना तो विषय हमखास दिला जातो. 'पिपांत मेले' या त्यांच्या कवितेवरच्या पेपरात १९४७ सालचा 'काही कविता' संग्रह येतो, दुसरं महायुद्ध येतं, यंत्रयुग येतं, त्यांच्यावर झालेला अश्लीलतेचा खटला येतो, फक्त त्या पिपात नेमकं काय चाललंय आणि 'माना पडल्या' हे कवी परत का म्हणतो हे कुणी विचारतच नाही.

बालकवींच्या 'औदुंबर'वर तर दर वर्षी फायली येतात. आपल्याकडं कृष्णाकाठी औदुंबर क्षेत्र आहे, दत्ताचं, भिलवडीजवळ, संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन भरतं हे सगळ्यांना माहितीच आहे. आता पोरं मोबाईलवर औदुंबर टाकून सर्च करतात आणि पेपरात सरळ देवस्थानची माहिती, घाट, नरसिंह सरस्वती, चातुर्मास असं सगळं उतरवतात आणि वर लिहितात की कवीने या परिसराचे चित्रण केले आहे. बालकवी खानदेशातले, जन्म १८९० चा धरणगावचा, आणि कवितेतला औदुंबर म्हणजे पाण्याकडेचं उंबराचं झाड. कविता एकदा पूर्ण वाचली असती तर देवळाचा विषय आला असता का? कविता आहे केवळ आठ ओळींची. आठ! पण माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी फायलींत त्या आठ ओळी सलग कुठंच नसतात.

का नसतात ते एका मुलीनं सांगितलं. ती म्हणाली, 'मॅडम म्हणाल्या ओळी जास्त टाकू नको, प्लॅजरिझम वाढतं.' म्हणजे सॉफ्टवेअर चोरी म्हणून दाखवतं ती टक्केवारी वाढते. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि हे एकाच कॉलेजचं नाही, हीच भीती वेगवेगळ्या पोरांच्या तोंडून ऐकलीय. युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे जे नियम आहेत वाङ्मयचौर्याबद्दलचे, त्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हे सगळे सांगतात, पण त्याच नियमात असंही स्पष्ट आहे की श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतनं वगळायची. म्हणजे बालकवींचं नाव देऊन अवतरणचिन्हात घातलेल्या ओळी चोरीत धरायच्याच नाहीयेत. कॉपीराइटचा तर प्रश्नच नाही, बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तो केव्हाच संपला. म्हणजे अख्खी कविता पहिल्या पानावर छापायला काहीही आडकाठी नाही, आणि पोरं मात्र घाबरून कविताच काढून टाकतात आणि दुसऱ्याच्या पेपरातले परिच्छेद शब्द फिरवून ठेवतात. 'निसर्गाचे मनोहारी चित्रण' चं 'सृष्टीचे मनमोहक रेखाटन' केलं की टक्केवारी खाली येते. याला रिसर्च म्हणायचं का?

आता एआय आल्यापासून आणखी एक चाललंय. एका फायलीत कवितेच्या म्हणून चार ओळी होत्या, त्यातल्या दोन बालकवींच्या नव्हत्याच, कुणाच्याच नव्हत्या, यंत्रानं रचलेल्या. मुलाला विचारलं तर त्याला पत्ताच नाही, कारण छापील कविता त्यानं बघितलेलीच नव्हती. नेटवरच्या कितीतरी ठिकाणी पहिल्याच ओळीत 'हिरवाळी'चं 'हिरवळी' करून टाकलंय, एक काना गेला की छंदातली एक मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन असं मोजतात ती) जाते आणि ओळ म्हणताना अडखळते, पण अडखळतेय हे कळायला ती मोठ्यानं म्हणायला तर पाहिजे.

आणि हे पोरांना जमत नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून एक उदाहरण सांगते. गेल्या सीझनला एक मुलगी आली होती, दुसऱ्या वर्षाची, पलूसकडनं एसटीनं येणारी. तिचा पेपर सेट करताना मी तिला म्हटलं कविता म्हण बघू, तर तिनं काउंटरवर बोटानं ठेका धरून म्हटली. 'ऐल तटावर | पैल तटावर | हिरवाळी घेऊन'. आठ मात्रा, आठ मात्रा, मग उरलेल्या अकरा. दुसरी ओळ तशीच, 'निळासांवळा | झरा वाहतो | बेटाबेटातून'. तिसरी, चौथी पण शब्द संपतो तिथंच ठेका पडतो. पाचव्या ओळीला तिचं बोट अडकलं. 'पायवाट पां | ढरी तयांतुनि | अडवीतिडवी पडे'. पांढरी हा शब्द मधनं चिरला जातो! तिनं परत म्हटलं, परत तिथंच. सहावीला पण 'हिरव्या कुरणां | मधुनि चालली', तिथंही ठेका शब्दाच्या पोटात पडतो. आणि सातव्या-आठव्या ओळीला परत सगळं सरळ, 'पाय टाकुनी | जळांत बसला | असला औदुंबर'. म्हणजे आठ ओळींत ज्या दोन ओळी पायवाटेच्या आहेत, नेमक्या त्याच दोन ओळींची चाल अडवीतिडवी आहे. हे ती स्वतः बोलली. मी पुस्तकातनं वाचून सांगितलेलं नाही आणि तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग आम्ही दोघी बसलोच त्या कवितेवर, गिऱ्हाईक नव्हतं दुपारचं. क्रियापदं बघितली. झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरी, सगळं हलतंय, आणि शेवटी एकजण बसलाय. रंग बघितले, हिरवा, निळासावळा, परत हिरवा, मग वाट पांढरी, परत हिरवी कुरणं, आणि मग काळा डोह. ती पांढरी वाट डोहाकडंच चाललीय आणि डोहाच्या पुढं वाट नाही. मग ती म्हणाली, 'काकू यात माणूस कुठंय?' खरंच की. गाव आहे, घरं आहेत, शेतमळे आहेत, पायवाट आहे म्हणजे चालणारे पाय असणारच, पण कवितेत एकही माणूस दिसत नाही. अख्ख्या कवितेत उघड दिसणारे पाय आहेत ते फक्त झाडाचे, पाण्यात सोडलेले. आता याला कुणी मरणाची छाया म्हणेल, कुणी शांती म्हणेल, कुणी काळिमेला 'गोड' का म्हटलंय त्यावर बोट ठेवेल, त्यावर वाद घालायला जागा आहे आणि तीच तर पेपरची जागा आहे ना.

माझ्या मते तिच्याकडं तिथं पेपर तयार होता. एक म्हणणं, की या कवितेत सगळ्या हालचाली एका बसलेल्याकडं नेल्यात आणि ते छंदातनं सुद्धा केलंय, आणि त्याला आठ ओळींतलाच पुरावा. चार पानात बसलं असतं, फार तर सहा. त्यात मग कवीच्या आयुष्यातलं जे या म्हणण्याला लागतं तेवढंच घ्यायचं, आधीच्या टीकाकारांनी काय म्हटलंय ते वाचून त्यांच्याशी कुठं पटतं कुठं नाही ते लिहायचं, झालं. पण तिला सांगितलेलं होतं कमीत कमी तीस पानं, फॉन्ट चौदा, लाइन स्पेसिंग दीड, आणि उद्दिष्टे-गृहीतके-पद्धती हे साचे सक्तीचे. त्यामुळं तिचं ते सापडलेलं सगळं एका परिच्छेदात आलं, तेविसाव्या पानावर, आणि बाकीची पानं इतरांसारखीच भरावी लागली. तोंडी परीक्षेत तिला काय विचारलं तर बालकवींना 'बालकवी' पदवी कुठं मिळाली. जळगावच्या कविसंमेलनात १९०७ साली, ती बरोबर सांगून आली. ठेक्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मी शिक्षकांना दोष देत नाहीये. तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजं करणारे सर-मॅडम मी बघते, एकेकाकडं इतके गाइडशिपचे प्रोजेक्ट असतात की तीस पानं तपासायची म्हणजे पानं मोजणंच होतं. म्हणूनच म्हणते पानं कमी करा, त्यांचाही वेळ वाचेल. गृहीतकाचा साचा सर्व्हे करणाऱ्या विषयांसाठी ठीक आहे, अर्थशास्त्राला, समाजशास्त्राला लागतो तो, कवितेला जसाच्या तसा कशाला चिकटवायचा? नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीला रिसर्चचा पर्याय आहे, म्हणजे इथून पुढं असे पेपर वाढणारच आहेत, आत्ताच नीट नाही केलं तर ही सवय एम.ए., पीएच.डी.पर्यंत जाईल.

विद्यापीठाच्या मराठी अभ्यास मंडळानं आणि आपल्या सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांनी एवढं तरी करावं. कविता छापील पुस्तकातनं घेऊन पहिल्या पानावर पूर्ण द्यायची, कुठली आवृत्ती ते लिहायचं, आणि कवी अलीकडचा असून हक्काची अडचण असेल तर लागतील तेवढ्याच ओळी नाव देऊन घ्यायच्या. कवीचं चरित्र एका पानाच्या वर नको. मार्कांचा मोठा वाटा ओळींच्या वाचनाला द्यावा. आणि तोंडी परीक्षेला पोरानं कविता मोठ्यानं म्हणून दाखवावी, त्यात पाच मिनिटांत कळतं की वाचलीय का नाही. पुस्तकाचं म्हणाल तर २०१९ च्या पुरात आपल्याकडच्या वाचनालयांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलंय, तरी शोधलं तर बालकवी मिळतात, ती पलूसची मुलगी शोधून घेऊन आलीच होती, पानं पिवळी पडलेली, वर जुने अनुस्वार.

आणि तुमच्याकडं एक मागणं. रविवारच्या पुरवणीत महिन्यातनं एकदा कॉलेजच्या एका मुलाला किंवा मुलीला एका कवितेवर लिहायला जागा द्या, एका कॉलमची का असेना. अट एकच, कवीची माहिती नको, फक्त कविता काय करते ते लिहायचं. आलेल्या हस्तलिखितांचं टायपिंग मी युनिकोडमध्ये करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली
(नाव छापू नये ही विनंती.)