जीपच्या मंद हेडलाइटला रिले : मित्रास पत्र

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जीपचा उजेड कमी पडतो म्हणून निपाणीत तुला कोणीतरी १००/९० वॅटचे बल्ब सुचवले आहेत आणि तू ते घेण्याच्या बेतात आहेस, हे वाचून लगेच उत्तर लिहीत आहे. ते बल्ब घेऊ नकोस. तुझ्या गाडीतले ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब पुरेसे आहेत; त्यांच्यापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही, हे खरे दुखणे आहे. त्याच वायरिंगवर जास्त वॅटचा बल्ब लावलास, तर करंट वाढेल, वाटेत वाया जाणारे व्होल्टेज आणखी वाढेल, स्विच आणि होल्डर वितळतील आणि समोरच्याचे डोळे दिपतील ते वेगळेच.

आपल्या जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या अँपिअर मीटरमधून मुख्य स्विचला, तिथून डिपर (जवळचा झोत) आणि अप्पर (लांबचा झोत) बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डिपर स्विचला आणि मग पुढे ग्रिलपर्यंत जातो. डिपरवर दोन्ही बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर ओढतात, अप्परवर सुमारे १०. जांबोटी-कणकुंबीकडचा तांबडा चिखल बुटांबरोबर वर्षानुवर्षे ज्या डिपर स्विचवर पडत आला, तो मी उघडला तेव्हा आतल्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक चढलेला होता आणि एका टोकाचे प्लॅस्टिक तापून तपकिरी पडले होते. एवढा करंट अशा पट्टीतून सुखासुखी जाणार कसा?

तेव्हा खरेदीआधी मोजणी कर. इंजिन चालू ठेवून डिपर लाव, मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे बल्बच्या मागच्या डिपरच्या पिनेला लाव. मीटरवर येईल तेवढे व्होल्टेज वाटेत वाया जाते आहे, असे समज. मग तसेच बॅटरीचा निगेटिव्ह आणि बल्बची अर्थची पिन यांमध्ये मोज. ही दुसरी मोजणी बहुतेक मिस्त्री करतच नाहीत. माझ्या जीपमध्ये पहिल्या बाजूला १.६ आणि अर्थच्या बाजूला ०.५ व्होल्ट निघाले, म्हणजे बॅटरीवर १३.६ असताना बल्बला मिळत होते जेमतेम ११.५. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर साधारण त्याच्या ३.४ व्या घाताने कमी होतो. त्या हिशेबाने माझे हेडलाइट निम्म्याहून थोड्याच जास्त उजेडावर चालले होते.

यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा विजेचा स्विच. तो लावला की जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, त्याला अँपिअरचा पाचवा भागही पुरतो, आणि बल्बचा करंट नव्या, आखूड वाटेने जातो. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले घे. रिलेच्या पिनांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. एका हेडलाइटच्या जुन्या होल्डरमधली डिपरची तार पहिल्या रिलेच्या ८६ ला आणि अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला दे; दोन्हींचे ८५ अर्थला, ३० ला फ्यूजमधून आलेला पुरवठा आणि ८७ वरून दोन्ही बाजूंच्या बल्बला तार. पुरवठ्याची तार ४ चौरस मिलिमीटरची आणि बल्बकडे जाणारी २.५ ची असू दे. मुख्य फ्यूज तार जिथून निघते तिथेच हवा, म्हणजे पुढे कुठे तार घासून बॉडीला लागली तरी आग लागणार नाही. शिवाय ८७ नंतर प्रत्येक बल्बला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज दे. एक उडाला तरी चोर्ला घाटाच्या वळणावर दोन्ही दिवे एकदम जाणार नाहीत.

पुरवठा अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मोठ्या टर्मिनलवरून घे. थेट बॅटरीवरून घेतलास, तर हेडलाइटचा करंटही अँपिअर मीटरमधून बॅटरीकडे जाईल आणि काटा ‘चार्ज’ दाखवत राहील. चार्जिंग १४.५ व्होल्टच्या वर जात असेल, तर मात्र आधी रेग्युलेटर बघ. जुनी वायरिंग व्होल्टेज खात होती म्हणून ते लपले असेल, आणि रिले लावल्यावर बल्ब पटापट उडतील.

अर्थिंगवर कंजुषी करू नकोस. आपल्या जीपचे हेडलाइट ग्रिलच्या पत्र्यातून अर्थ होतात आणि तो पत्रा गंजक्या बोल्टांवर बसलेला असतो. प्रत्येक हेडलाइटपासून २.५ ची वेगळी तार चासीपर्यंत आण, तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवड, दातेरी वॉशर घालून आवळ आणि वर ग्रीस लाव.

महामार्गावरच्या दुकानांत ट्रकचे सामान जास्त असते, म्हणून रिलेवर १२ व्होल्ट छापलेले आहे ना, ते स्वतः वाच. २४ व्होल्टचा रिले दिसायला तसाच असतो, पण आपल्या बॅटरीवर ओढला जात नाही. बसवताना पिना खाली ठेव, म्हणजे पाणी आत साचणार नाही. तुझ्या भावाच्या गाडीला हे करायचे झाले, तर आधी टेस्ट लँपने तपास, कारण काही जपानी बांधणीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही.

रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर या सगळ्याचा उपयोग नाही. आधी तो बदल. पावसाळी धुक्यातही यातून फारसे काही हाती लागणार नाही, तिथे डिपर आणि कमी वेग हेच खरे. पण गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली वेळेवर दिसावी, एवढ्यासाठी तरी हे काम कर. झाल्यावर गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिपरची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडी खाली आण.

मोजणीचे दोन्ही आकडे कळव. ते पाहून तारेची लांबी आणि सामानाची यादी पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र