१९८४ चा मोसम टेप करून ठेवणाऱ्या अनोळखी श्रोत्यास

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव एकाही कॅसेटवर नाही. लेबलवर पेन्सिलीने तारीख, समोरच्या संघाचं नाव आणि बाजू कितवी, एवढंच लिहिलेलं. कुणाला पाठवायचं ते कळत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचे १९८४ सालचे सामने तुम्ही रेडिओवरून टेप केलेत. त्या कॅसेटी हातोहाती आमच्यापर्यंत आल्या, आणि आता त्या एकेक करून संगणकावर उतरवून झाल्या आहेत. आम्ही मिशिगनमध्ये राहणारी, टायगर्सना आपलं मानणारी मराठी माणसं. आभार बऱ्याच गोष्टींचे आहेत, पण सगळ्यांत आधी एका गोष्टीचे: सामना चालू असताना तुम्ही टेप कधी मध्येच थांबवली नाहीत.

त्या मोसमाचे आकडे कुणालाही कुठेही मिळतील. पहिल्या ४० सामन्यांत ३५ विजय, शेवटी १०४ विजय आणि ५८ पराभव, पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत गटात पहिलं स्थान. कॅन्सस सिटीला सलग तीन सामन्यांत हरवलं, मग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, सॅन डिएगोला ४-१. ॲलन ट्रॅमल, लू व्हिटेकर, लान्स पॅरिश, कर्क गिब्सन, जॅक मॉरिस, विली हर्नांडेझ आणि डगआऊटमध्ये प्रशिक्षक स्पार्की अँडरसन. ही नावं छापील आहेत, ती कुठे जात नाहीत. दोन फेकींच्या मधला आवाज मात्र छापता येत नाही. तो टेप केला तरच उरतो, आणि बहुतेकांनी तो टेप केला नाही. अनेकांनी खेळ रंगला की बटण दाबलं आणि थंडावला की थांबवलं. त्यांच्या कॅसेटींवर जल्लोष आहे, सामना नाही.

बेसबॉलमध्ये चेंडू हवेत असतो तो वेळ फार थोडा. उरलेला वेळ पिचर (चेंडू फेकणारा) कॅचरच्या (झेलणाऱ्याच्या) खुणा बघतो, बॅटर बूट खरवडतो, पहिल्या बेसवरचा धावपटू दोन पावलं पुढे सरकतो. टायगर्सचे रेडिओ समालोचक अर्नी हार्वेल यांना ही मधली जागा भरायची घाई नसे. जॉर्जियातल्या संथ, गोड बोलीत ते फेक सांगत, स्कोअर सांगत आणि गप्प बसत. त्या गप्प बसण्यात टायगर स्टेडियम ऐकू येई: शेंगदाणे विकणाऱ्याची हाळी, लाकडी बॅट जमिनीवर आपटल्याचा ठोका, वरच्या सज्जातून एखादी शिट्टी. तिथली समालोचकांची खोली होम प्लेटच्या मागे अगदी जवळ होती, त्यामुळे कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) चेंडू बसल्याची थापसुद्धा माईकमध्ये येई. फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू प्रेक्षकांत कुणी पकडला की हार्वेल सांगत, हा इप्सिलांटीचा माणूस, हा सॅगिनॉचा. ती गावं ते मनानेच ठरवत, आणि त्या त्या गावातले ऐकणारे खूश होत. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न हलवणारा बॅटर त्यांच्या तोंडी रस्त्याकडेच्या घरासारखा उभा राही. पहिले तीन आणि शेवटचे तीन डाव त्यांचे, मधले तीन पॉल कॅरी यांच्या भरदार आवाजात. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समालोचक थांबला तरी मैदान बोलत असतं, हे त्या कानाला ठाऊक असतं.

आता तुमच्या कामाबद्दल. सामने ऐकवणारं डेट्रॉइटचं रेडिओ स्टेशन डब्ल्यूजेआर म्हणजे ७६० किलोहर्ट्झ, ५०,००० वॉट. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या थरावरून परत खाली येतात आणि ते स्टेशन कित्येक राज्यांत ऐकू येतं, पण वर-खाली होत. तुमच्या कॅसेटींवर असा चढउतार नाही, म्हणजे तुम्ही डेट्रॉइटपासून फार लांब नव्हता. तरीही जवळ राहून सगळ्यांना इतकं स्वच्छ मिळत नाही. रेडिओतला फेराइटचा दांडा (आतला अँटेना) स्टेशनच्या दिशेला आडवा असेल तर सिग्नल पूर्ण मिळतो, त्याचं टोक स्टेशनकडे झालं की जवळजवळ नाहीसा होतो. बहुतेक लोक रेडिओ फडताळात जसा बसेल तसा ठेवतात. तुम्ही तो फिरवून, ऐकून जागेवर बसवला असणार. दिव्याचा डिमर आणि जुनी ट्यूबलाइट एएमवर घरघर करतात. तुमच्याकडे एकाच संध्याकाळी, मे महिन्यातल्या एका कॅसेटवर, ती घरघर चार-पाच सेकंद येते आणि बंद होते. कुणीतरी दिवा लावला आणि तुम्ही तो बंद करायला लावलात, असंच वाटतं.

लांबून एएम ऐकणाऱ्यांसाठी इथेच एक सांगून ठेवतो, कारण असं विचारणारे बरेच असतात. साठ सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घ्या, तिच्यावर साध्या प्लास्टिक वेष्टनाच्या तारेचे १४ वेढे अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने गुंडाळा आणि तारेची दोन टोकं ३६५ पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला (जुन्या रेडिओत स्टेशन लावायला फिरवायचा असतो तो) जोडा. रेडिओ चौकटीजवळ असा ठेवायचा की आतला फेराइटचा दांडा चौकटीला काटकोनात राहील. कुठेही वायर जोडायची नाही. कंडेन्सर फिरवत गेलं की एका जागी स्टेशन एकदम उसळून येतं. वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळले तर वरच्या फ्रिक्वेन्सीची स्टेशनं हाती लागत नाहीत, ही नेहमीची चूक.

खोक्याच्या तळाशी एक वायर निघाली. एका टोकाला इअरफोनची पिन, दुसऱ्या टोकाला माईकची, मध्ये काळी चिकटपट्टी गुंडाळलेला फुगवटा. पट्टीखाली दोन रेझिस्टर डाग दिलेले होते, एक ४७ किलोओहमचा, एक १ किलोओहमचा. हे पाहिल्यावर बरंच काही उलगडलं. इअरफोनच्या सॉकेटमधून येणारा सिग्नल माईकच्या इनपुटला फार जोरदार होतो आणि आवाज फाटतो. हे दोन रेझिस्टर तो जवळपास अठ्ठेचाळीसपट कमी करतात. ज्यांनी स्पीकरसमोर माईक ठेवला त्यांच्या कॅसेटींवर भांडी, घड्याळ आणि कुत्रा आहे. ज्यांनी सरळ वायर जोडली त्यांच्या कॅसेटींवर हार्वेल घसा बसल्यासारखे बोलतात. तुमच्याकडे दोन्ही नाही.

शिवाय तुमच्या रेकॉर्डरला आवाजाची पातळी हाताने ठरवता येत होती, आणि तुम्ही ती एकदा ठरवून मग हात लावला नाहीत. स्वस्त रेकॉर्डर पातळी आपोआप सांभाळतात. समालोचक गप्प झाला की ते आवाज वाढवत नेतात, टेपची खसखस वर येते, आणि गर्दी ओरडली की झपकन सगळं दाबून टाकतात. ऐकताना सामना धाप लागल्यासारखा वाटतो. तुमच्या टेपवर शांतता शांतच आहे.

कॅसेटी सगळ्या सी-९०. एका बाजूला ४५ मिनिटं, सामना अडीच तासांच्या आसपास, म्हणजे दोन कॅसेटी पुरतात. सी-१२० घेतली असती तर उलटण्याची कटकट कमी झाली असती, पण तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते. ती फीत ओढणाऱ्या रबरी चाकाला (पिंच रोलरला) गुंडाळली जाते, आणि शेजारच्या वेढ्याचा आवाज तिच्यावर उमटतो. मग होमरनचा गलका होमरनच्या दोनेक सेकंद आधी पुसटसा ऐकू येतो. तुम्ही तो मोह टाळलात. बाजू बदलायची ती अर्ध्या डावानंतरच्या दोन मिनिटांच्या विश्रांतीत, फीत उरली असली तरी. त्यामुळे आम्हाला अख्ख्या मोसमात एकही फेक कापलेली सापडली नाही. काही जाहिराती गेल्या, त्याची थोडी हळहळ आहे, कारण त्या काळचं डेट्रॉइट त्यांतही होतं. पण निवड करायचीच असेल तर हीच बरोबर. अनाहाइमचे सामने इथल्या घड्याळात रात्री साडेदहाला सुरू व्हायचे. त्या कॅसेटीही वेळेवरच उलटलेल्या आहेत, म्हणजे तुम्ही मध्यरात्रीनंतरही जागे होतात. आणि प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या मोडलेल्या; त्या मोडल्या की कॅसेटवर नव्याने भरता येत नाही. चाळीस वर्षांत कुणीही त्यावर चुकूनसुद्धा गाणी भरू शकलं नाही, ते त्या मोडल्यामुळे.

बिघाड झाले ते वयाने झाले. बऱ्याच कॅसेटींत फितीला हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबणारी नमद्याची गादी सुटून पडली होती, गोंद वाळला की ती सुटतेच. अशी कॅसेट तशीच लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि लोक समजतात फीत खराब झाली. फीत ठणठणीत असते. पाच स्क्रूचं रिकामं खोकं घ्यायचं, दोन्ही रिळं फितीसकट अलगद त्यात ठेवायची, खालचे-वरचे घसरपत्रे (फीत सहज सरकावी म्हणून असलेली पातळ पत्रं) विसरायचे नाहीत, आणि बंद करायचं. काही ठिकाणी सुरुवातीची पारदर्शक पट्टी रिळापासून तुटली होती. ती ३.८ मिलिमीटरच्या खास जोडपट्टीनेच चिकटवली. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि पुढचे वेढे एकमेकांना चिकटतात.

हेडचा तिरकेपणा प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवावा लागला. एएमवर पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, त्यामुळे कान लावायचा तो ‘स्ट्राइक’मधल्या ‘स’वर. स्क्रू किंचित फिरवत तो ‘स’ जिथे सर्वांत धारदार होतो तिथे थांबायचं.

वेगाचा प्रश्न नाजूक होता. ऑगस्टच्या काही कॅसेटी भरताना तुमच्या रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरत आलेल्या. रेकॉर्डर सावकाश फिरला की नंतर योग्य वेगाने वाजवताना सगळं भराभर आणि चढ्या पट्टीत येतं. हार्वेल यांचं संथ बोलणं घाईचं झालं की ते हार्वेल राहत नाहीत. सुदैवाने रेडिओ भिंतीतल्या विजेवर होता, त्याची बारीक घूं टेपवर आहे. अमेरिकेत ती ६० हर्ट्झच असते. ती ६३ भरली तर वेग ६० भागिले ६३ करायचा, म्हणजे पाचेक टक्के उतरवायचा. एका बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी आकडा वेगळा येतो, म्हणून दर पाच मिनिटांचा तुकडा वेगळा मोजला. मगच ६०, १२० आणि १८० हर्ट्झवरची घूं काढली. आधी काढली असती तर वेग मोजायला काहीच उरलं नसतं. सगळं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो, शिखर उणे ६ डेसिबलच्या खाली. एक सामना साधारण १.३ जीबीचा होतो.

आणि खसखस काढण्याचा मोह. तिथे घाई केली असती तर तुमची सगळी मेहनत आमच्या हातून पुसली गेली असती. संगणकाला ‘गोंगाट कसा दिसतो’ हे दाखवायला शांत तुकडा द्यावा लागतो. बहुतेक जण समालोचक गप्प असतानाचा तुकडा देतात. पण त्या तुकड्यात बावन्न हजार खुर्च्यांचं मैदान कुजबुजत असतं. संगणक त्यालाच गोंगाट समजतो, गर्दी पुसतो, आणि मागे पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज राहतो. हार्वेल मग एका रिकाम्या खोलीत बोलताना ऐकू येतात. तुम्ही प्रत्येक बाजूला रेडिओ लावण्याआधी तीन-चार सेकंद नुसती कोरी फीत फिरू दिलीत. नमुना तिथून घेतला, कारण त्यात फक्त फितीची खसखस आहे. तरीही चार डेसिबलच्या पुढे गेलो नाही. थोडी खसखस राहिली आहे, राहू दे.

४ जून, टोरँटोविरुद्ध. दहावा डाव, ३-३, दोघे बाद, दोघे बेसवर, डेव्ह बर्गमन बॅटिंगला आणि रॉय ली जॅक्सन फेकतो आहे. बर्गमन फाऊलवर फाऊल मारत राहतो, तेराव्या फेकीवर उजवीकडच्या वरच्या सज्जात चेंडू जातो, सामना संपतो. दहाव्या डावाआधी तुम्ही तिसरी, कोरी कॅसेट लावलीत. दुसऱ्या कॅसेटवर जागा उरली होती, हे मोजून पाहिलं. त्या जागेच्या भरवशावर राहिला असतात तर कॅसेट आठव्या-नवव्या फेकीच्या आसपास संपली असती. सात फाऊलांच्या मधली ती लोकांची वाढत जाणारी गुणगुण, दर फाऊलनंतर आधीपेक्षा थोडी वरच्या सुरात, सलग अशी आम्ही दुसऱ्या कुणाच्या टेपवर ऐकलेली नाही.

मूळ कॅसेटी आता उभ्या ठेवल्या आहेत, पूर्ण गुंडाळून, स्पीकरपासून लांब, कोरड्या कपाटात. लेबलं तशीच आहेत. पेन्सिल शाईसारखी फिकट होत नाही, हेही तुम्हाला माहीत असणार.

१४ ऑक्टोबरची शेवटची कॅसेट सर्वांत शेवटी उतरवली. आठव्या डावात दुसरा-तिसरा बेस भरलेला, पहिला रिकामा, तरी सॅन डिएगोचा पिचर गूस गोसाज गिब्सनला मुद्दाम पहिल्या बेसवर न सोडता फेकतो, गिब्सन होमरन मारतो, आणि ५-४ चे ८-४ होतात. तिथे तुमच्या मीटरचा काटा नक्कीच लाल भागात गेला असेल. आवाज थोडा फाटतो. आम्ही तो दुरुस्त केला नाही. मग नववा डाव, टोनी ग्विनचा उंच फटका डावीकडे, लॅरी हर्न्डनच्या हातात झेल. त्यानंतर तुमच्या कॅसेटवर अकरा मिनिटं जागा होती. तुम्ही बटणाला हात लावला नाहीत. बोलणं येतं, जातं, मधे नुसतीच गर्दी, मग पुन्हा बोलणं, पुन्हा गर्दी, आणि मग बाजू संपते.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणी,
मिशिगनमधले मराठी टायगर्सप्रेमी