मंत्रिमहोदय, शब्द तुम्ही दिला होता

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम जय हिंद. थोडक्यात लिहिलेले अर्ज आपल्या कचेरीत कुठं जातात ते आता कळलं आहे, म्हणून हे जाहीर आणि जरा लांब.

गेल्या वर्षी पेडण्यातल्या मेळाव्यात आपण माइक हातात घेऊन सांगितलंत, माजी सैनिक वारला की सरकारचा माणूस पुष्पचक्र घेऊन दारात येईल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. या डिसेंबरात आमचे सुभेदार साहेब गेले. उभी हयात मराठा लाइट इन्फंट्रीत काढलेला माणूस. आपल्या कचेरीत फोन केला, तर "साहेब दौऱ्यावर आहेत, बघतो." चिता पेटेपर्यंत बघतच होते. शेवटी आम्ही म्हाताऱ्यांनीच बॅरे टोप्या चढवल्या, पदकं लावली आणि स्मशानात सावधान उभे राहिलो. बिगुलवाला आणायचा कुठून? लास्ट पोस्ट, म्हणजे शेवटच्या मानवंदनेची बिगुलाची धून, मोबाइलवर लावली. मध्येच रंगाच्या डब्याची जाहिरात लागली. थोरला मुलगा खाली मान घालून उभा होता.

त्याच आठवड्यात गोवा मुक्तिदिनाचा आपला कार्यक्रम झाला. दौरा तोवर संपला असावा. आपल्या दोन्ही बाजूंना भाड्यानं आणलेली पोरं उभी होती. डोक्यावर आमच्या रेजिमेंटसारखी बॅरे, तिच्यावर हॅकलचा तुरा, छातीवर बाजारातली पदकं. एक जण च्युइंगगम चघळत होता. शिगम्याला कुणी काय वेश काढावा याला आमची हरकत नाही. पण छातीवरची पट्टी आणि टोपीवरचा तुरा ही वेशभूषा नव्हे हो! मंडपावर म्हणे पंधरा लाख गेले. पंचायतीतला एक पंच म्हणतो, वीस. खरं-खोटं कंत्राटदार जाणे, पुष्पचक्र नक्कीच स्वस्त पडलं असतं.

त्या पोरांना उभं करण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतं. 'लाइट इन्फंट्री' हे नाव आमच्या 'काळी पाचवी' पलटणीनं 1841 मध्ये कमावलं, आदल्या वर्षी बलुचिस्तानातला काहानचा किल्ला लढवला म्हणून. यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनवर एकटे चालून गेले, तिथंच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची तिसरी बटालियन पुढे 2 पॅरा ही छत्रीधारी पलटण झाली आणि डिसेंबर 1961 मध्ये हीच पलटण गोव्यात शिरली. दमण घेतलं आमच्या पहिल्या बटालियननं, जंगी पलटणीनं. ज्या मुक्तीवर आपण अर्धा तास बोललात, त्या भाषणात यातलं एक नाव नव्हतं. कार्यकर्त्यांची नावं मात्र सगळी आली.

पलटणीच्या रिवाजांचं सांगतो. मंदिर परेडला ऑफिसर ख्रिस्ती असो, शीख असो, जवानांच्या देवापुढं त्यांच्याबरोबर उभा राहतो. 2005 ला लष्करप्रमुख झालेले जनरल जे. जे. सिंग मराठा रेजिमेंटचेच. बडाखान्याला साहेब लोक जवानांच्या पंगतीत बसून तेच जेवतात, आणि आधी जवानांना वाढतात. आपल्या कार्यक्रमात व्हीआयपींचं जेवण वेगळ्या तंबूत होतं. आम्हाला कुपन.

माझंही सांगून टाकतो, कारण विचारणारं कुणी नाही. गुडघा काश्मीरमध्ये ठेवून आलो. हयातीच्या दाखल्याला मशीनवर अंगठा लागत नाही, रेषा झिजल्यात. बँकेतली मुलगी म्हणते, "आजोबा, उद्या या." मी जिवंत आहे हे माझ्यापेक्षा मशीनला जास्त कळतं. दवाखान्यात गोळ्या संपलेल्या असतात. वाडीवरच्यांना माझी आठवण येते ती लष्करी कॅन्टीनच्या बाटलीसाठी, आणि तीही गोव्यात राहून!

रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरमध्ये कसम परेडला समोर निशाण असतं, धर्मग्रंथ असतात. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर हात पुढं करून जी शपथ घेतं ती पेन्शनीत गेल्यावरही अंगातून जात नाही. आणि आपल्याकडे? जानेवारी 2022 मध्ये एका पक्षाचे उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीपुढं, बांबोळीच्या खुरसापुढं, म्हणजे क्रुसापुढं, आणि बेतीच्या दर्ग्यात एकनिष्ठेची शपथ घेऊन आले. सप्टेंबरात त्यांच्यातले आठ आमदार पलीकडे. तुमचा पक्ष कोणता हे मी विचारत नाही, पुढच्या मे महिन्यात उत्तर बदलेल. आमच्या सेक्शनमध्ये हवालदार धरून दहा जण, आणि सगळ्यांवर तोच एक. तुमच्याकडे चाळीस आमदारांत बारा मंत्री, आणि अंत्ययात्रेला पाठवायला माणूस नाही. पलटण अशी चालवली असती तर फोंड्यापर्यंत पोचलो नसतो, पात्रांव.

मागणं फार नाही. दिलेला शब्द पाळा, नाहीतर त्याच माइकवरून परत घ्या. प्रत्येक पंचायतीत माजी सैनिकांची यादी ठेवा, म्हणजे कोण गेलं ते कळेल. त्या पोरांच्या टोप्या उतरवा, आणि सुभेदार साहेबांच्या घरी स्वतः जा. फोटोग्राफर नको.

आपला,
एक माजी हवालदार, पेडणे

ता. क. काल आपल्या कचेरीतून फोन आला. 26 जानेवारीला स्टेजवर बसवायला पदकंवाले चार-पाच माजी सैनिक हवे आहेत, गाडी पाठवतो म्हणाले. आमच्यातलं कुणी येणार नाही.