सुयांवर सध्या काय काय आहे

ॲबर्डीन,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. रविवारी फोनवर आईने बाबांच्या हाफ स्वेटरची चौकशी केली आणि मी काही बोलायच्या आतच मागून बाबांचा आवाज आला, "आरंभशूर आहे ती!" त्यावर आईने "एक ना धड, भाराभर चिंध्या" अशी पुस्ती जोडली. आरोप दोन्ही जुने आहेत आणि फोनवर त्यांना उत्तर देऊ लागले की बोलणे रक्तदाबाच्या गोळ्यांवर आणि पावसापाण्यावर जाते, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

आधी सुयांवर काय काय आहे ते सांगते. पायमोज्यांचा एक जोड आहे; त्यातला एक मोजा पूर्ण झाला आहे आणि दुसरा टाचेपर्यंत आला आहे. नणंदेच्या बाळासाठी शेटलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांच्या, पद्धतीची शाल आहे, जिला इकडे हॅप म्हणतात. तिचा मधला चौकोन झाला असून भोवतीचा लाटांच्या नक्षीचा काठ चालू आहे. माझ्यासाठी वेण्यांच्या विणीचे करडे कार्डिगन आहे, ज्याची पाठ तयार आहे आणि बाह्यांचा पत्ता नाही. जाळीच्या विणीची एक त्रिकोणी शाल आहे, तिच्याविषयी पुढे लिहिते. आणि बाबांचा स्वेटर आहे, ज्याचा सध्या फक्त नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून ठेवला आहे. कपाटात जी लोकर अजून सुयांवर चढलेलीच नाही, तिचा हिशेब कृपया मागू नये.

आई, तुझा नियम मला पाठ आहे: हातातले उतरल्याशिवाय दुसरे चढवायचे नाही. त्या नियमाने तू गल्लीतल्या किती बाळांच्या कुंच्या, टोपडी आणि झबली वेळेवर हातावेगळी केलीस, हे मी पाहिलेले आहे. परंतु तुझे विणकाम एकाच ठिकाणी, एकाच वेळी होत असे: दुपारची जेवणे उरकली की व्हरांड्यातल्या खुर्चीवर, लख्ख उजेडात. माझ्या दिवसाचे तसे नाही. ऑफिसला जाताना बसमध्ये उभे राहावे लागले तरी मोजा विणता येतो, कारण चौसष्ट टाके गोलाकार सुलट विणत जायचे असतात आणि त्याकडे पाहावे लागत नाही. तिथे हॅपचा काठ काढून बसले, तर दर धक्क्याला एक जाळी चुकेल. हॅपला रात्रीची शांतता लागते, पांढरी लोकर दिव्याखाली नीट दिसते आणि लाटेची नक्षी चार ओळींची असल्यामुळे ती लवकर तोंडपाठ होते. वेण्यांच्या कार्डिगनला टेबल लागते, कारण तक्ता समोर ठेवून कुठे तीन टाके पुढे घ्यायचे आणि कुठे मागे, हे पाहावे लागते. आणि बाबांच्या स्वेटरला लागते दिवसाचे ऊन. बाबांना तपकिरी आणि गडद निळा याखेरीज रंग चालत नाहीत, हे दोन रंग दिव्याखाली एकमेकांत मिसळतात, आणि इथे डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तो स्वेटर फक्त शनिवार-रविवारचा, त्यातही समुद्रावरून धुके आले नाही तरच. तेवढ्या वेळात बसमधले माझे हात मोकळे ठेवून बाबांचा स्वेटर एका ओळीनेही पुढे सरकणार नाही. यासाठी मला आरंभशूर म्हणणे अन्यायाचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आता मोहाविषयी. तो नाही असे मी म्हणत नाही. तू मोती चौकातल्या दुकानातून लोकर आणायचीस, ती एका स्वेटरची मोजून आणायचीस, वेष्टनावरचा रंगाचा घाणा क्रमांक, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा आकडा, सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना हे दुकानदारासमोर तपासायचीस, आणि उरलेल्या अर्ध्या गुंड्याचे टोपडे व्हायचे. घाण्याची ती सवय मी तुझ्याकडूनच घेतली. एकाच क्रमांकाच्या छटेत दोन घाण्यांमध्ये जो फरक असतो, तो गुंड्यांवर दिसत नाही आणि पाठीवर मात्र पट्ट्यासारखा उमटतो. म्हणून लोकर घ्यायची ती एकदम पुरेशी घ्यायची. फक्त तुझ्यापुढे दुकानात वीस-पंचवीस छटा असायच्या आणि नमुना एखाद्या दिवाळी अंकात किंवा शेजारणीच्या अंगावर पाहिलेला असायचा. माझ्यापुढे नमुने संगणकावर क्षणात विकत मिळतात, आणि हाताने रंगवलेल्या लोकरीच्या लडी अशा असतात की या खेपेचा रंग पुन्हा तसाच कधीच होणार नाही, हे विकणारे स्वतःच सांगतात. असे ऐकल्यावर हात शिवशिवल्याशिवाय राहत नाहीत. तुझ्या काळी मोह कमी होता की दुकान लहान होते, हा प्रश्न मी तुला आदरपूर्वक विचारते.

खरी कसोटी शेटलंडला लागली. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोट निघते आणि रात्रभर हेलकावे खात सकाळी शेटलंडमधल्या लर्विक गावी पोहोचते. तिथल्या लोकरीच्या दुकानात भिंतभर फळ्यांवर पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे गुंडे मांडलेले असतात, प्रत्येकात सुमारे ११५ मीटर लोकर. हे वजन फार फसवे आहे. पन्नास किंवा शंभर ग्रॅमची लड उचलताना माणूस विचार करतो. पंचवीस ग्रॅमला कोण विचार करणार? फेअर आयलच्या विणीत एका ओळीत दोनच रंग असतात, पण दर काही ओळींनी ते बदलत जातात, त्यामुळे एका स्वेटरला दहा-बारा छटा सहज लागतात आणि प्रत्येकीचा एकेक गुंडा घेताना आपण काटकसर करत आहोत असेच वाटत राहते. फेअर आयल हे ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधले अगदी लहानसे बेट आहे. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या आठव्या एडवर्डने युवराज असताना, १९२२ मध्ये, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर तसला स्वेटर घातला आणि ती वीण एकाएकी फॅशन बनली.

परंतु त्याच गावातल्या संग्रहालयाने मला जरा भानावर आणले, तेही लिहिले पाहिजे. अंगठीतून आरपार ओढता येतील इतक्या तलम शाली तिथे आहेत. त्यांच्यासाठी शेटलंडमधल्याच उन्स्ट बेटाचे नाव विशेष घेतले जाते. जुन्या छायाचित्रांत बायका पाठीवर पीटच्या, म्हणजे जळणासाठी कापलेल्या दलदलीच्या मातीच्या, टोपल्या घेऊन चालताना दिसतात आणि चालता चालता विणत असतात. कमरेला चामड्याचा पट्टा असतो, त्यावर घोड्याचे केस भरलेली एक उशी आणि तिला भोके असतात. सुईचे एक टोक त्या भोकात खुपसले की उजवा हात सुई धरण्यापासून मोकळा होतो आणि वेग वाढतो. हा वेग हौसेचा नव्हता. विणलेला माल व्यापाऱ्याकडे नेला की त्या बायकांना पुष्कळदा रोख पैसे मिळत नसत, त्याऐवजी चहा किंवा कापड मिळे, आणि हे प्रकरण इतके वाढले की सरकारने चौकशी बसवली. तिचा अहवाल १८७२ मध्ये निघाला. त्यांना अर्धवट शाल पिशवीत ठेवून दुसरी चढवणे परवडणारे नव्हते. पाच कामे अर्धी ठेवता येणे ही चैन आहे, आणि ती मला नोकरीच्या पगारामुळे मिळाली आहे, हे मी तिथे उभी असताना स्वतःशी कबूल केले. खाली उतरून दुकानातून आणखी दोन गुंडे घेतले, तो भाग वेगळा.

आता बाबांचा स्वेटर अजून चौकोनावरच का आहे, ते सांगते, कारण बाबा निवृत्त झाले तरी हिशेब तपासण्याची त्यांची सवय निवृत्त झालेली नाही. मी सव्वातीन मिलिमीटरच्या सुया घेतल्या आहेत. आई, त्या म्हणजे तुझ्या दहा नंबरच्या. त्यांच्यावर दोन रंगांत विणलेला चौकोन कोमट पाण्यात भिजवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबून, टाचण्यांनी सपाट ताणून वाळवला. धुण्याआधी दहा सेंटिमीटरमध्ये जेवढे टाके होते, तेवढे धुतल्यावर राहिले नाहीत, कारण शेटलंडी लोकर पाणी लागले की फुलते आणि सैलावते. वाळल्यावर अठ्ठावीस भरले. त्या मापाने शंभर सेंटिमीटर घेराला २८० टाके लागतात. माझ्या हातात जर दहा सेंटिमीटरला अठ्ठावीसऐवजी सत्तावीसच टाके पडले, तर तेच २८० टाके जवळजवळ १०४ सेंटिमीटर होतात. एका टाक्याचा फरक, आणि स्वेटर खांद्यावरून लोंबायला लागतो. म्हणून चौकोन ही टाळाटाळ नव्हे. तू चौकोन न विणता बाळाच्या अंगावर धरून अंदाज घ्यायचीस, पण ती बाळे तुझ्याजवळच असायची आणि बाबा माझ्यापासून दूर तिकडे साताऱ्यात, चार भिंतीच्या चढावर आहेत.

पुढचा भाग ऐकून, आई, तू घाबरशील. हा स्वेटर सपाट तुकड्यांत विणायचा नाही, तर कमरेपासून खांद्यापर्यंत नळीसारखा गोल विणत जायचा, म्हणजे उलट ओळ कधी येतच नाही आणि नक्षी सतत समोर राहते. बाह्यांच्या आणि गळ्याच्या जागी काही जादा टाके घालून ठेवायचे आणि शेवटी त्या जादा टाक्यांच्या बरोबर मधोमध कात्री चालवायची. होय, विणलेल्या कापडावर कात्री. गुळगुळीत लोकरीचे टाके अशा वेळी सुटत जातील, परंतु शेटलंडी लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसतात आणि कडा जागच्या जागी राहते. मी चौकोनावर कापून पाहिले आहे. कात्रीच्या आवाजाने अंगावर काटा आला, पण एकही टाका पळाला नाही.

तुझ्या नियमातली एक गोष्ट मात्र मला पटलेली आहे. काम फार दिवस पडून राहिले की हात बदलतो. मार्चमध्ये विणलेली पाठ आणि सप्टेंबरमध्ये विणायला घेतलेला पुढचा भाग यांची वीण सारखी घट्ट येत नाही. सुया त्याच, लोकर तीच, पण माणूस निराळ्या मनःस्थितीत असतो आणि ते टाक्यांत उतरते. शिवाय कुठल्या ओळीवर थांबलो होतो, हे लोकर सांगत नाही. म्हणून मी प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी ठेवते: सुयांचा नंबर, शेवटची ओळ, आणि पुढे काय करायचे. नवे काही चढवण्यापूर्वी मी स्वतःला एवढेच विचारते, की दिवसाच्या कुठल्या वेळी हे विणले जाणार आहे. त्या वेळेला आधीच एखादे काम नेमलेले असेल, तर नवी लोकर कपाटातच राहते. बाबांना हे पुरेसे शिस्तीचे वाटेल की नाही, सांगता येत नाही.

त्रिकोणी शालीला असा कुठलाच वेळ मिळत नाही, म्हणून तिच्याविषयी माझा निर्णय झाला आहे: ती मी उसवणार. ती मी छायाचित्र पाहून चढवली होती, आणि छायाचित्रातली बाई समुद्रकिनारी उभी होती. माझ्या गळ्यात ती बसत नाही आणि तिची नक्षी मला विणावीशी वाटत नाही. लोकर चांगली आहे. तू माझा शाळेचा स्वेटर उसवून, कुरळी झालेली लोकर बाबांच्या दोन्ही हातांवर लड करून गुंडाळायचीस, मग ती भिजवून दोरीवर वाळत घालायचीस, तसेच मी करणार आहे. बाबांच्या हातांऐवजी इथे छत्रीसारखे उघडणारे लाकडी चक्र आहे, ते तक्रार करत नाही. त्या लोकरीचे काय करायचे ते तू सांग. तुझ्यासाठी मफलर हवा असल्यास लगेच कळव, नाहीतर कपाटात तिला कसर लागेल.

आता मुख्य काम. बाबांचे माप पाठवावे. आई, माप तू घे, बाबांना स्वतःचे घ्यायला देऊ नकोस, कारण ते श्वास आत ओढून उभे राहतात. सदरा अंगात असू दे, पट्टी काखेखालून छातीच्या सर्वांत रुंद भागावरून सैलसर फिरव आणि आकडा सेंटिमीटरमध्ये लिही. खांद्याच्या वरच्या टोकापासून पँटच्या पट्ट्याखाली चार बोटे, एवढी लांबी घे. त्याशिवाय बाबांचा जो जुना राखाडी स्वेटर अंगाला नीट बसतो, तो पलंगावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोज आणि तेही कळव. मी आधी त्याच आकड्यावर भरवसा ठेवीन. बाबांनी गळा व्ही हवा की गोल, एवढे ठरवून सांगावे. तपकिरीमध्ये एक ओळ गंजासारख्या लालसर रंगाची घालायची माझी इच्छा आहे. ती नको असल्यास तसेही आत्ताच सांगावे, कारण कात्री चालवल्यानंतर कोणाचीही सूचना विचारात घेतली जाणार नाही.

शनिवारपर्यंत माप आले आणि ऊन पडले, तर त्याच दिवशी टाके घालते.

कळावे.

तुमची,
मनू