टाळू ताठ होईपर्यंत थांबणे परवडत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जन्मल्यावर बाळ रडले नाही आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर पहिले सहा तास फार मोलाचे असतात. एवढ्या मुदतीत शरीराचे तापमान सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तसेच राखले, तर मृत्यूचा व गंभीर अपंगत्वाचा धोका घटतो, असे प्रगत सोयींच्या रुग्णालयांतील मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. मात्र हा उपचार कोणाला द्यायचा, ते आजही बाळाची हालचाल, स्नायूंचा ताण, चोखण्याची ताकद आणि रक्तातील आम्लता पाहून ठरवावे लागते.

नवजात अतिदक्षता विभागात काम करताना मेंदूला सूज आली आहे का, हे पाहण्यासाठी अशा बाळांच्या डोक्यावरील मऊ टाळूवर बोटांची टोके ठेवून ती सपाट आहे की ताठ, हे मी कित्येकदा चाचपले आहे. कवटीचे सांधे अजून जुळलेले नसल्याने आतली सूज बराच वेळ सामावली जाते. टाळू ताठ लागते तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. सोनोग्राफी टाळूतूनच करता येते, पण सुजेमुळे फटीएवढ्या झालेल्या मेंदूतील पोकळ्या निरोगी नवजातातही तशाच दिसू शकतात. एमआरआय अधिक स्पष्ट सांगतो खरा, पण व्हेंटिलेटरवरच्या बाळाला तिथवर हलवणे जोखमीचे असते.

म्हणूनच मेंदूचा विद्युत अवरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मोजण्याच्या पद्धतीकडे अधिक गांभीर्याने पाहावे, असे मला वाटते. प्राणवायूअभावी पेशींतील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा थकते, पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि त्यांच्यामधली जागा आकसते. कमी वारंवारतेचा प्रवाह मुख्यतः याच जागेतून जात असल्यामुळे त्याला होणारा अवरोध वाढतो. डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून अत्यंत क्षीण प्रवाहाने हे मोजता येते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, बाळाला जागचे हलवणेही नाही. डुकराच्या नवजात पिल्लांवरील प्रयोगांत अशी वाढ नोंदली गेली आहे. बाळांच्या बाबतीत प्रसूतीच्या वेळी डोक्याच्या त्वचेखाली येणारी सूज मोजमापात घोळ घालू शकते, आणि ती अडचण आधी सोडवावी लागेल.

संशोधकांना माझी विनंती आहे की, पालकांच्या संमतीने अशा बाळांची ही नोंद पहिल्या सहा तासांत पुनःपुन्हा घ्यावी आणि ती नंतरच्या एमआरआयशी व दोन वर्षांच्या वयातील वाढीशी ताडून पाहावी.

आपली,
नवजात विभागातील एक परिचारिका